उंचावलेली पिकअप आणि तिचा पुढचा आस

बैलगाडीच्या काळात गाडीची उंची हा वादाचा विषय नव्हता. दोन चाकांच्या मधून आख गेलेला आणि आखावर गाडीची साटी बसवलेली. चाक जेवढे मोठे तेवढा आख जमिनीपासून वर, आणि आख जेवढा वर तेवढी गाडी उंच. ओढ्या-नाल्यांतून जाण्यासाठी गाडी उंच हवी असेल, तर मोठे चाक बसवावे, एवढा साधा हिशेब होता. मोटारीने हा हिशेब मोडला. तिच्यात आस आणि सांगाडा यांच्यामध्ये पाटे अथवा स्प्रिंगा आल्या, आणि गाडीच्या धडाची उंची व आसाची उंची या दोन निरनिराळ्या गोष्टी होऊन बसल्या. पिकअप गाडी उंच करून घेणाऱ्या पुष्कळ मालकांच्या पुढच्या अडचणी या एका भेदाचे विस्मरण झाल्यामुळे उद्भवतात.

पिकअप उंच करण्याची ही रीत मूळची अमेरिकेतील होय. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी गाड्यांचा अनुभव गाठीशी बांधून डॉज कंपनीने १९४६ मध्ये ‘पॉवर वॅगन’ ही चारही चाकांना गती देणारी नागरी मालगाडी बाजारात आणली. १९५७ मध्ये जनरल मोटर्सने आणि १९५९ मध्ये फोर्डने स्वतःच्या कारखान्यात तयार केलेल्या तशा पिकअप विकण्यास आरंभ केला. जंगलतोडीचे रस्ते, गुरांची मोठमोठी कुरणे, वाळवंट आणि बर्फ अशा ठिकाणी या गाड्या राबू लागल्या, आणि तेथील मालकांना मोठे टायर हवेसे वाटू लागले. मोठा टायर चाकावरच्या पत्र्याला घासतो; त्याला जागा करून द्यावयाची म्हणून गाडीचे धड वर उचलावे लागले. पुढे या उचलण्याचाच एक धंदा झाला आणि तयार संच मिळू लागले. कामाची गरज म्हणून सुरू झालेली गोष्ट हळूहळू हौसेचीही झाली. आज भारतातही पिकअप व जीपच्या धाटणीच्या गाड्या उंच करून घेणारे लोक आहेत, आणि त्यांच्या तक्रारी अमेरिकेतील मालकांच्या तक्रारींहून फारशा वेगळ्या नाहीत.

गाडी उचलल्याने नेमके काय उंचावते, हे प्रथम पाहिले पाहिजे. ३१ इंच व्यासाचा टायर काढून त्या जागी ३५ इंचांचा बसवला, तर व्यास ४ इंचांनी वाढतो. पण आस चाकाच्या मध्यात असल्यामुळे तो वर जातो फक्त २ इंच. त्यासाठी धड ४ किंवा ६ इंच वर घेतलेले असले, तरी अखंड आसाच्या पोटाखाली दगडासाठी मिळालेली जागा त्या दोन इंचांचीच. बाकीची उंची धडाला मिळते. ते वर राहते, आस खाली राहतो, आणि या दोहोंना जोडणारे सगळे दांडे, भुजा व सांधे तिरके होऊन दोघांकडे ताणले जातात. पुढच्या आसाची बहुतेक दुखणी या तिरकेपणातून जन्मतात. मागचा आस त्या मानाने सुखी असतो. त्याला फक्त गाडी ढकलावयाची असते. पुढच्या आसाला मात्र वजन पेलणे, गती देणे आणि वळणे ही तिन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात.

येथे एक अपवाद सांगितला पाहिजे. काही वेळा सांगाडा आहे तेथेच ठेवून केवळ केबिन आणि मागचा हौदा ठोकळे घालून वर घेतात. या प्रकारात आस, स्प्रिंगा व सांगाडा यांचे परस्परांशी असलेले नाते बदलत नाही. अशा गाडीचा पुढचा आस बिघडला, तर कारण मोठ्या टायरांत, जुनेपणात किंवा अन्यत्र शोधावे.

पुढच्या आसाचे दोन मुख्य प्रकार आहेत, आणि दुखणे ओळखण्यापूर्वी प्रकार ओळखणे अगत्याचे आहे. पहिला अखंड आस. यात एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत लोखंडी नळा असतो आणि त्यातच डिफरन्शियलचा गोलक बसवलेला असतो. मारुतीची १९८५ साली आलेली जिप्सी याच प्रकारची. अमेरिकेतील अवजड कामाच्या फोर्ड व रॅम पिकअपमध्येही तो आहे. दुसरा प्रकार स्वतंत्र चाकांचा. यात डिफरन्शियल सांगाड्याला पक्के बांधलेले असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी निघालेले दोन आखूड शाफ्ट सांध्यांच्या साहाय्याने चाकांपर्यंत जातात. एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्याला त्याची तोशीस कमी लागते. टोयोटाने १९८६ च्या सुमारास आणि जनरल मोटर्सने १९८८ मध्ये आपल्या चौचाकी गतीच्या पिकअपना ही रचना दिली. भारतात २०१६ मध्ये आलेली इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटाची हायलक्स या दोन्ही स्वतंत्र चाकांच्या आहेत.

स्वतंत्र चाकांच्या गाडीचा विचार प्रथम करू, कारण उंची वाढवल्याचा परिणाम तिच्यात सर्वांत लवकर दिसतो. तिचे धड वर गेले की त्याला बांधलेले डिफरन्शियलही वर जाते. चाके मात्र जमिनीवरच राहतात. जो शाफ्ट पूर्वी जवळजवळ आडवा होता तो आता उतरत्या छपरासारखा तिरका होतो. दोन सांध्यांमधील अंतर ४५ सेंटिमीटर धरले, तर ५ सेंटिमीटर उंची वाढवल्याने सुमारे ६ अंशांचा आणि १० सेंटिमीटरने जवळजवळ १३ अंशांचा कोन निर्माण होतो. चाकाकडील सांध्यात वळणाचा कोन असतोच. त्यात या नव्या कोनाची भर पडते.

सांध्यातून गती नेण्याचा प्रश्न फार जुना आहे. फुलीच्या आकाराचा तुकडा मध्ये घालून दोन दांडे जोडण्याच्या युक्तीला सोळाव्या शतकातील इटालियन गणिती व वैद्य कार्डानो याचे नाव मिळाले, आणि तिच्या गतीचे मर्म सतराव्या शतकात इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने उलगडले. हा सांधा तिरका चालला की पुढच्या दांड्याची गती एकसारखी राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते व दोनदा घटते. कोन १० अंशांचा असेल तर हा चढउतार शेकडा दीडच्या आसपास राहतो. पण ३० अंशांवर तोच दांडा १०० च्या जागी कधी ८७, तर कधी ११५ या गतीने धावतो. वळणाऱ्या व गती देणाऱ्या चाकाला असे हिसके परवडत नाहीत. यावरचा उपाय फोर्ड कंपनीतील अभियंता आल्फ्रेड झेपा याने १९२० च्या दशकात काढला. त्याच्या सांध्यात पोलादी गोळ्या खाचांतून अशा फिरतात, की दोन्ही दांड्यांची गती सदैव समान राहते. हा चाकाकडचा सांधा ४५ अंशांच्या आसपास वाकू शकतो. डिफरन्शियलकडील सांधा मात्र बहुधा वेगळ्या घडणीचा असतो. त्याला आत-बाहेर सरकण्याची मुभा असते, परंतु कोन सहन करण्याची त्याची मर्यादा सुमारे २० ते २५ अंशांचीच असते. गाडी उंच केल्यावर तोच आधी कुरकुरू लागतो.

या सांध्यांना ग्रीस लागते, आणि ते जागच्या जागी राहावे म्हणून वर घड्यांचा रबरी बूट चढवलेला असतो. सांधा फार तिरका झाला की बुटाच्या एका बाजूच्या घड्या एकमेकींवर घासतात आणि दुसऱ्या बाजूच्या ताणल्या जातात. काही महिन्यांत रबर फाटते. ग्रीस बाहेर उडते, धूळ व पाणी आत शिरते, आणि पोलादी गोळ्यांच्या गुळगुळीत खाचांना जणू पॉलिशपेपरच लागतो. मग पूर्ण वळण घेताना कटकट असा आवाज येऊ लागतो. तो बाहेरच्या सांध्याचा. सरळ रस्त्यावर वेग वाढवताना गाडी थरथरली आणि पाय उचलताच थरथर ओसरली, तर दोष बहुधा आतल्या सांध्यात असतो. चाकाच्या आतल्या बाजूवर व जवळच्या पत्र्यावर काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर आवाजाची वाट पाहत बसू नये. बूट फाटला आहे एवढे तेवढ्यावरून समजावे.

याच ठिकाणी नेहमीची चूक घडते. समजा, एका मालकाने आपली पिकअप ४ इंच उंच करून घेतली. सहा महिन्यांनी वळणावर कटकट सुरू झाली. मिस्त्रीने शाफ्ट खराब झाल्याचे सांगितले आणि नवा घातला. आणखी काही महिन्यांनी तोच आवाज पुन्हा आला. आता शाफ्ट हलक्या दर्जाचा होता असे ठरले आणि महागडा शाफ्ट आला. तोही टिकला नाही. तुटलेला भाग बदलणे म्हणजे दुरुस्ती, या समजुतीने येथे तीन वेळा पैसे घेतले. शाफ्ट मोडत होता हे खरे. पण त्याला मोडणारा कोन शाबूत होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार. पहिल्या शाफ्टच्या वेळीच गाडी सपाट जमिनीवर उभी करून कोनमापक लावला असता, तर पुढचे दोन वाचले असते.

या कोनावर उपाय दोन आहेत. डिफरन्शियलच्या आधारांखाली ठोकळे घालून ते थोडे खाली आणणे हा एक. त्याने शाफ्टचा तिरकेपणा कमी होतो. मात्र गाडीच्या पोटाखाली जी जागा मिळवली तिच्यातली काही परत द्यावी लागते. दुसरा उपाय म्हणजे उंचीच कमी करून ५ सेंटिमीटरच्या आसपास समाधान मानणे. मोठी उंची हवीच असेल, तर खालच्या भुजांचे आधार, चाकाचे गुडघे आणि डिफरन्शियल हे सर्व मिळून खाली आणणारा पूर्ण संच लागतो. केवळ स्प्रिंगवर चकती ठेवून ते साधत नाही.

वरच्या भुजेच्या टोकाच्या बॉल जॉइंटकडे तर विशेष लक्ष हवे. उंच केलेल्या गाडीत भुजा आधीच खाली झुकलेली असते. म्हणजे टाचा उंचावून, पाय ताणून उभ्या राहिलेल्या माणसासारखी तिची अवस्था असते. रस्त्यावरील उंचवट्यावरून गाडी किंचित उडाली, चाक आणखी खाली गेले, की बॉल जॉइंटची फिरण्याची मर्यादा संपते आणि तो आपल्या वाटीच्या काठावर आपटतो. ज्या गाड्यांत स्प्रिंगच्या जागी पीळ घेणारी पोलादी सळई असते, त्यांत एक बोल्ट आवळून गाडी फुकट उंच करता येते, आणि म्हणून तेथे हा धोका अधिक. शाफ्ट तुटला तर गाडी मागच्या चाकांवर बहुधा घरी येते. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवे होते आणि गाडी चालकाच्या ताब्यात राहत नाही.

अखंड आसाची प्रकृती निराळी आहे. त्याचे शाफ्ट लोखंडी नळ्यातच राहतात. धड कितीही वर गेले तरी त्यांचा आपसातला कोन बदलत नाही. म्हणून अशा आसाच्या टोकाकडील फुलीचा सांधा तुटला, तर उंचीला बोल न लावता टायरचे वाढलेले वजन व व्यास, वंगणाचा अभाव आणि चाके पूर्ण वळवून दिलेला जोर यांच्याकडे पाहावे. उंचीचा परिणाम येथे तीन ठिकाणी होतो: आसाचा कल, त्याची डावी-उजवी जागा, आणि स्टिअरिंगचे दांडे.

कलाचे महत्त्व खुर्चीच्या पायाला लावलेल्या चाकावरून समजते. खुर्ची ढकलली की ते चाक आपल्या खुंट्याच्या मागे राहते आणि आपोआप सरळ धावते. मोटारीच्या पुढच्या चाकाचा फिरण्याचा अक्षही वरच्या टोकाला थोडा मागे कललेला ठेवतात. याला कॅस्टर कोन म्हणतात. तो साधारणतः ३ ते ६ अंशांचा असतो. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ होते ते यामुळे. ज्या गाडीत आस लांब भुजांनी मागे सांगाड्याला बांधलेला असतो, तीत भुजेची लांबी ८० सेंटिमीटर धरली, तर ५ सेंटिमीटर उंचीने आस सुमारे साडेतीन अंश पुढे फिरतो. म्हणजे जवळजवळ सगळा कल संपुष्टात येऊ शकतो. अशी गाडी रस्त्यावर डावीकडे-उजवीकडे भरकटते, वळणानंतर स्टिअरिंग सरळ होत नाही, आणि लांबच्या प्रवासात चालकाचे खांदे भरून येतात. पाट्यांच्या गाडीत पाटे व सांगाडा जोडणारी शॅकल पुढच्या टोकाला असेल आणि ती लांब करून उंची मिळवली असेल, तर कल असाच कमी होतो.

कल परत आणावयाचा तर आस मागे फिरवावा लागतो. पाट्यांखाली पोलादी पाचर घालून किंवा भुजांची लांबी बदलून हे करता येते. परंतु येथे एक पेच आहे. डिफरन्शियलचे तोंडही त्याच आसाला जडलेले असते आणि ते गाडीच्या मध्यावरील गियरपेटीकडे रोखलेले असते. आस मागे फिरवला की हे तोंड खाली झुकते, आणि गियरपेटीकडून येणाऱ्या लांब शाफ्टचा सांधा अधिक वाकतो. स्टिअरिंग सुधारते, पण विशिष्ट वेगावर पायाखाली घरघर व थरथर सुरू होते. शाफ्टला जपावे तर स्टिअरिंग बिघडते आणि स्टिअरिंगला जपावे तर शाफ्ट. माफक उंचीत या दोहोंमध्ये तडजोड साधते. उंची फार झाली की वळणाचे गुडघे व तोंड यांचा परस्पर कोन बदललेला वेगळा आसच लागतो. कारखान्यातील अभियंत्याने मूळ उंची ठरवली तेव्हा अशा अनेक मागण्यांत समेट घडवलेला असतो. उंची बदलणे म्हणजे तो समेट पुन्हा नव्याने घडवण्याची जबाबदारी स्वीकारणे होय.

आता जागा. कॉइल स्प्रिंगांवर उभा असलेला अखंड आस बाजूला सरकू नये म्हणून एक आडवा दांडा त्याला सांगाड्याशी बांधून ठेवतो; त्याला ट्रॅक बार म्हणतात. धड वर गेले की हा दांडा तिरका होतो आणि आसाला एका बाजूला ओढतो. ८० सेंटिमीटर लांबीचा हा दांडा आरंभी १० सेंटिमीटरने उतरता असेल आणि उंची आणखी १० सेंटिमीटरने वाढवली, तर आस जवळजवळ २ सेंटिमीटर बाजूला जातो. मग एका बाजूचा टायर पत्र्याच्या बाहेर जास्त दिसतो. उपाय म्हणून लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा लावतात. स्टिअरिंगची पेटी आणि चाक यांना जोडणारी ड्रॅग लिंक याच ट्रॅक बारला समांतर असली पाहिजे. दोघांचा उतार निराळा झाला, तर चाक खड्ड्यात जाताच चालकाने हात न हलवताही गाडी स्वतःच वळते. ड्रॅग लिंक तेवढी खाली आणणारी भुजा बसवून ट्रॅक बार तसाच सोडून देणे ही यातली सर्रास आढळणारी चूक आहे.

या सर्वांत भयावह दुखणे म्हणजे ताशी ७० किंवा ८० किलोमीटर वेगाने एखाद्या सांध्यावरून वा खड्ड्यावरून जाताच दोन्ही पुढची चाके अनावर डगडगू लागणे. स्टिअरिंग हातात ठरत नाही, आणि गाडी थांबल्याशिवाय हे बहुधा थांबत नाही. अमेरिकन चालकांनी याला मरणाची थरथर अशा अर्थाचे नाव दिले आहे. अशा वेळी घाबरून स्टिअरिंगशी झुंजू नये. पाय उचलून वेग हळूहळू कमी करावा व बाजूला थांबावे. पुष्कळ लोक नंतर स्टिअरिंगला जाड शॉकअब्सॉर्बर बसवून घेतात आणि थरथर काही दिवस दबतेही. पण दबलेली थरथर म्हणजे बरी झालेली थरथर नव्हे. ढिला सांधा तसाच झिजत राहतो. मूळ कारण बहुधा ट्रॅक बारच्या ढिल्या बोल्टात, अंडाकृती झालेल्या भोकात, झिजलेल्या बॉल जॉइंटमध्ये, कमी झालेल्या कॅस्टरमध्ये किंवा तोल न साधलेल्या टायरांत असते, आणि पुष्कळदा यांपैकी दोन-तीन दोष एकत्र आलेले असतात.

हे शोधण्याची एक सोपी रीत आहे आणि तिला दोन माणसे लागतात. गाडी जमिनीवर, चारही चाकांवर उभी असावी. गियर न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला आणि चाकांना ओट लावलेली. इंजिन चालू ठेवून एकाने स्टिअरिंग थोडे डावीकडे व थोडे उजवीकडे हलवत राहावे. दुसऱ्याने बाजूने वाकून एकेक सांधा पाहावा. दांडा हलला आणि त्याला जोडलेला भाग क्षणभर मागे राहिला, तर ढिलाई तेथेच आहे. नंतर चाक जॅकवर उचलून, सांगाड्याखाली भक्कम घोडी लावून, ते घड्याळातल्या १२ व ६ च्या जागी धरून हलवावे. खेळ जाणवल्यास बेअरिंग, बॉल जॉइंट अथवा किंगपिनचा संशय घ्यावा. तेच चाक ९ व ३ च्या जागी धरून हलवल्यास टाय रॉडची ढिलाई कळते. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, हे अनुभवी मिस्त्रीलाही सांगण्याची वेळ येते.

आवाजाचा माग काढण्याचीही अशीच शिस्त आहे. काही गाड्यांत पुढच्या चाकांच्या तुंब्यांवर कुलपे असतात आणि ती सोडली की चाके फिरतात, पण आतले शाफ्ट थांबून राहतात. कुलपे सोडून गाडी चालवली आणि आवाज गेला, तर दोष शाफ्टांत किंवा डिफरन्शियलमध्ये. आवाज राहिला, तर तो चाकाच्या बेअरिंगचा किंवा टायरचा. वळताना एका बाजूला भार पडला की घूंऽऽ असा आवाज वाढत असेल, तर त्या बाजूच्या बेअरिंगकडे बोट जाते. टायर एका काठाला झिजला असेल, किंवा हात फिरवला असता करवतीच्या दात्यांसारखा लागत असेल, तर चाकांची सरळ रेष बिघडली आहे. या अलाइनमेंटची तपासणी उंची बदलल्याच्या दिवशीच व्हावयास हवी. टायर खराब झाल्यावर नव्हे. नव्या गाड्यांत याला आणखी एक कारण आहे. स्टिअरिंग मधोमध नसेल, तर घसरण रोखणाऱ्या विद्युत यंत्रणेला गाडी वळत असल्याचा भास होऊ शकतो आणि सरळ रस्त्यावर ती नको तेव्हा ब्रेक लावू शकते.

कधी आस निर्दोष असतो आणि वापर सदोष. पुष्कळ पिकअपमध्ये पुढच्या व मागच्या आसाची गती चौचाकी स्थितीत एकमेकींना जखडली जाते. वळणावर पुढची चाके मागच्यांहून लांबचा पल्ला काटतात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात; कोरड्या डांबरी रस्त्यावर तशी सोय नसल्यामुळे शाफ्टांत पीळ साचतो, गाडी अडखळते, आणि गियर निघेनासा होतो. हा बिघाड नव्हे, इशारा आहे. चारही टायर एकाच मापाचे नसतील, तर सरळ रस्त्यावरही हाच पीळ साचतो. मोठ्या टायरांनी वेगदर्शकही फसतो. व्यास शेकडा १० ने वाढला, तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने धावत असते. आणि उंच व जड गाडीला थांबण्यास जागा अधिक लागते ती नेमकी याच वेळी.

या साऱ्या तपासणीतून एक क्रम निघतो. जेथे हात लावला गेला तेथून शोध सुरू करावा, कारण उंची बदलताना सुटलेले बोल्टच पुष्कळदा नीट आवळले गेलेले नसतात. पाट्यांचे यू-बोल्ट तर काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेच लागतात. त्यानंतर माप घ्यावे, मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी चालवून पाहावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली हे कळत नाही. आणि बिघडली, तर शोध पुन्हा पहिल्यापासून. सर्वांत स्वस्त उपाय तर उंची वाढवण्यापूर्वीचा आहे. मूळ उंची, शाफ्टचे कोन, कॅस्टर आणि दोन्ही बाजूंच्या टायरांचे सांगाड्यापासूनचे अंतर एका वहीत लिहून ठेवले, तर पुढे प्रत्येक मिस्त्रीला तीच वही वाटाड्याप्रमाणे उपयोगी पडते.

भारतातील मालकाने याहून आधीची एक पायरी विसरू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळे होतील असा फेरफार करण्यास मालकाला मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. अमेरिकेत उंचीच्या मर्यादा राज्याराज्यांत निरनिराळ्या आहेत. हे नियम पुष्कळांना हौसेच्या आड येणारे वाटतात; परंतु उंच गाडीचा पुढचा बंपर लहान मोटारीच्या दाराशी येतो, तिचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात, आणि तिच्या टपासमोरून जाणारे मूल चालकाला दिसत नाही. बॉल जॉइंट निसटतो तेव्हा त्याची किंमत गाडीचा मालक एकटाच मोजतो असे नाही. त्या क्षणी समोरून येणारा सायकलस्वारही त्यात भागीदार होतो.

उंच गाडी निर्धोक चालूच शकत नाही, असा याचा अर्थ नव्हे. माफक उंची, पूर्ण संच, मोजलेले कोन आणि वेळेवर आवळलेले बोल्ट यांच्या बळावर अशा गाड्या वर्षानुवर्षे डोंगर-दऱ्यांत राबतात. ज्यांच्या गाड्या राबत नाहीत, त्यांनी चौथा शाफ्ट विकत घेण्यापूर्वी एकदा सपाट जमिनीवर गाडी उभी करावी, खाली वाकावे, आणि कोणता दांडा तिरका झाला आहे ते पाहावे.